दुसऱ्या खेपेची साल

नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींस,
सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण उत्तर मला तुमच्या अक्षरात हवे आहे. जे घडले ते क्रमाने असे:

१. मार्च २०१९ मध्ये मी नवेगाव बांधला आले. तुम्ही दाखवलेल्या रोहणाच्या दोन झाडांची साल आपण काढली. तीन किलो. वनविभागाची परवानगी होती. साल मी तुमच्या घरापुढच्या सपरीत, सावलीत, नऊ दिवस वाळवली.

२. तिचा अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. पंजाची सूज थोडी उतरली. इतकी थोडी, की तो योगायोगही असू शकतो.

३. साल संपली. ऑगस्ट २०१९ मध्ये मी फोन करून तुमच्याकडून आणखी चार किलो मागवली.

४. दुसऱ्या खेपेची साल तुम्ही वाळवून बसने पाठवली. ती कुठे वाळवली, कशात भरली, याची माझ्याकडे नोंद नाही.

५. या सालीने सूज निम्म्याहून जास्त उतरली. त्यावर मी लेख लिहिला. त्यात नमुन्याचे वर्णन नेहमीच्या पद्धतीने दिले आहे.

६. लेख २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजवर २१४ शोधलेखांनी त्याचा आधार घेतला आहे. आमच्या क्षेत्रात माणसाचे वजन या आकड्यावर ठरते. माझ्या बाकीच्या नऊ लेखांचा आकडा मिळून ३१ आहे.

७. गेल्या महिन्यात बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेचे पत्र आले. त्यांनी रोहणाची साल घेऊन माझा प्रयोग तीनदा केला. सूज उतरत नाही.

८. माझ्याकडे दुसऱ्या खेपेची चाळीस ग्रॅम साल शिल्लक होती. ती मी तपासायला दिली आहे. अहवाल यायचा आहे.

दोन तारखा सांगून ठेवते. २८ नोव्हेंबरला सहायक प्राध्यापक पदासाठी माझी मुलाखत आहे. आणि जानेवारीत एका रुग्णालयात सांधे सुजलेल्या साठ माणसांना हा अर्क देऊन पाहणार आहेत, माझ्या लेखाच्या भरवशावर. त्या काळात त्यांची नेहमीची गोळी सहा आठवडे बंद राहील.

म्हणून विचारते: दुसऱ्या खेपेची साल कोणत्या झाडांची होती, कुठे वाळवली, कशात भरली, मध्ये कोणाच्या हातात गेली? आठवेल तेवढेच लिहा. अंदाज लिहू नका. उत्तर १८ तारखेपर्यंत यावे.

मामींना नमस्कार.

रीना


नवेगाव बांध
१४ ऑक्टोबर

चि. रीना बाई,
आशीर्वाद.

तुहं पत्र पोस्टमन श्यामलालनं आणून देल्लं तं तुही मामी घाबरली. म्हणे, घरात दोन-दोन फोन असून पोरगी पत्र कायले लिहिते, कोनी गेलं का? मी वाचून दाखवलं. मग म्हणे, हे तं पोलिसावानी लिहून राहिली.

आमी बरे हावो. हलका धान कापून झाला, भारी धान उभा हाय. मामीचं गुडघ्याचं चालूच हाय. उठताना माह्या खांद्याले धरते अन् बसताना मलेच शिव्या देते.

दोनशे चौदा वाचून लय बरं वाटलं. आपल्या टोलीवर एवढी घरं नाईत. तुह्या लेखाचा तो पाना, ज्यात खाली माहं नाव छापून हाय, तो मी प्लास्टिकात बसवून भिंतीले लावला, हे तुले ठाऊक हाय. मागच्या महिन्यात केशोरीचे पाहुणे आले होते. त्यायले इंग्रजी येत नाई, मलेही येत नाई, तरी बोट ठेवून दाखवलं. केवलराम कापगते. तीस साल जंगलात मजुरी केली, माहं नाव कुठं लिहिलं असन तं हजेरीच्या कागदावर. हे पहिल्यांदा.

आता तू जे विचारलं त्याचं. साल रोहणाचीच होती. चांगली वाळवली. स्वच्छ ठेवली. आणखी काय लिहू?

एक सांग. जंगलवाल्यायनं काही विचारलं का? दुसऱ्यांदा साल काढली तवा परवानगीचा कागद नव्हता. तुलेही ठाऊक, मलेही ठाऊक. कोनी चौकशी करून राहिलं असन तं सरळ सांगजो का मामाले आता काही आठवत नाई. बुढा झाला, असं सांगजो. मी बी तसंच सांगीन.

दिवाळीले येजो. भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा हाय, रातभर नाच-गाण्याची दंडार ठेवली हाय.

तुहा मामा
केवलराम


नागपूर
१९ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींस,
सा. नमस्कार.

पत्र मिळाले. चार प्रश्न विचारले होते. एकाचे उत्तर आले.

वनविभागाची चौकशी नाही. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. विचारते आहे ती मी.

तुम्हाला आठवत नाही, हे मी लिहून घेणार नाही. मी सहावीत असताना कोणत्या सागावर आग्या मोहोळ होते आणि ते कोणत्या दिवशी उठले, हे तुम्ही गेल्या वर्षी मला सांगितले आहे.

अहवाल आला. दुसऱ्या खेपेच्या सालीत मोहाच्या बियांमधला पदार्थ निघाला. रोहणात तो नसतो. हा पदार्थ सूज उतरवू शकतो, हे जुन्या संशोधनात नोंदलेले आहे. म्हणजे २१४ लोकांनी ज्याचा आधार घेतला तो गुण बहुधा रोहणाचा नाहीच.

बहुधा, असे लिहिते आहे, कारण मोह तिथे कसा आला हे कळल्याशिवाय मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. प्रयोगशाळेत मोह कधी आलेला नाही. मी जुन्या वह्या दोनदा तपासल्या.

आता एकच प्रश्न. साल जिथे वाळवली किंवा ज्यात भरली, तिथे आधी मोहाचे काही होते का?

दिवाळीला येणार नाही. रोज सकाळी लेखाचा आकडा उघडून पाहते. काल २१५ झाला. वाढला की पान लगेच बंद करते, हे पूर्वी कधी केले नव्हते.

२८ तारखेपर्यंत कळवा.

रीना


नवेगाव बांध
२७ ऑक्टोबर

चि. रीना बाई,
आशीर्वाद.

होतं. मोहाची ढेप होती.

आता सारं लिहितो. त्या साली ऑगस्टात सात दिवस झड लागली होती. तुहा फोन आला का साल लवकर पाहिजे, लेखाचं काम अडून राहिलं. मी भिजत जाऊन साल काढली. तेच दोन रोहण, दुसरं झाड नाई. पण वाळवाले जागा कुठं? सपरीत पानी गळत होतं. मी मासेमारी संस्थेच्या गोदामात नेऊन पसरवली. तिथं फरशी हाय, वर टिन हाय. बारा दिवस ठेवली. वाळली तवा तिथल्याच दोन चुंगड्यायत भरली. मजबूत चुंगड्या होत्या, बसच्या टपावर फाटल्या नसत्या.

त्या चुंगड्या ढेपेच्या होत्या, मोहाच्या बियायचं तेल काढून जे पेंड उरते तिच्या. बोडीत मासोळीचं बी सोडायच्या आधी मोहाची ढेप टाकतात, जुनी मासोळी मरते, मग नवं बी वाचते. तू लहानपणी पाहिलं हाय. गोदामात फरशीवरही भुसा असन. मी झाडलं होतं. खराट्यानं. आता वाटते, ओल्या सालीले तेवढंही पुरं झालं असन. पण ढेपेनं मासोळी मरते, माणसाले काही होत नाई, हे गावातलं शेंबडं पोरगं बी जाणते. मले वाटलं, उंदराले तरी काय होणार?

संस्थेच्या मुन्नालालले मंडईत गाठून विचारलं, त्या साली गोदामात ढेपच होती नं? तो म्हणे, "ढेपच तं होती, कका. काऊन, सहा सालानं मासोळी जिवंत झाली का?" चार लोकं हासले. मी बी हासलो.

पयल्या पत्रात हे लिहिलं नाई, कारण मले वाटलं परवानगीचं लफडं हाय. अन् खरं सांगतो, तो भिंतीवरचा पाना डोळ्यापुढं आला.

आणखी दोन गोष्टी हायत. लिहू का नोको, असं चार दिवस चाललं.

एक. तुही मामी. तुहा लेख आला त्या साली मी तिले रोहणाचा काढा सुरू केला. ताजी साल, आपल्या हातानं काढलेली, घरच्याच भांड्यात उकळलेली. सात महिने पिली ते. काडीचा फरक नाई. मामी म्हणे, रीनाले नोको सांगू, पोरीचं मन मोडन. मी म्हटलो, उंदराचे गुडघे वेगळे असतीन. अन् बंद केला.

दुसरी. आपल्या शाळेवर अश्विन मास्तर नवे आले. इंग्रजी चांगलं हाय. तुहं पत्र वाचून मले चैन पडत नव्हतं, म्हणून तुहा पुरा लेख त्यायच्या फोनवर काढाले लावला. ते मराठीत सांगत गेले. म्हणे, "कका, यात लिहून हाय का साल मार्चात काढली अन् संशोधक बाईनं सोता सावलीत नऊ दिवस वाळवली."

मी म्हटलो, "बरोबर. आता पुढच्या खेपेचं वाचा."

"पुढच्या खेपेचं काही नाई."

"नीट पाहा."

"तीनदा पायलं, कका. खेप एकच हाय."

 चहा पाजला अन् त्यायले वाटे लावलं.

बाई, ते लिहाचं राहून गेलं का?

तुहा मामा
केवलराम


नागपूर
८ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींस,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही दिलेली माहिती पुरेशी आहे. आभार.

अहवाल आणि तुमचे पत्र धर्मेंद्र सरांना दाखवले. सर माझे मार्गदर्शक होते, लेखावर त्यांचेही नाव आहे. त्यांनी पत्र वाचले, घडी घालून परत दिले आणि विचारले, "मुलाखत अठ्ठावीसला ना? मग एकोणतीसला बोलू."

मी म्हटले, "जानेवारीत माणसांवर चाचणी आहे."

"जानेवारी काय नोव्हेंबरच्या आधी येतो?"

मी उठले नाही. तेव्हा ते म्हणाले, "तुला घाईच असेल तर मामांकडून लिहून घे. साल त्यांनी पाठवली, पोती त्यांनी भरली. गावचा माणूस आहे, त्याला काय कळणार? अनवधानाची चूक ठरेल. लेखाखाली दोन ओळींची दुरुस्ती छापतील, लेख राहील. आकडाही राहील."

सोबत एका निवेदनाचा मसुदा आहे. मजकूर असा:

"मी, केवलराम कापगते, रा. नवेगाव बांध, लिहून देतो की ऑगस्ट २०१९ मध्ये रोहणाची साल मी स्वतःच्या मर्जीने गोदामात वाळवली व मोहाच्या ढेपेच्या वापरलेल्या पोत्यांत भरली. याची माहिती मी संशोधकाला दिली नाही."

यातले प्रत्येक वाक्य तुमच्याच पत्रातून घेतले आहे. वाचून पटले तर खाली सही करून १७ तारखेपर्यंत पाठवा.

मास्तरांनी दाखवलेल्या मुद्द्यावर मी वेगळे लिहीन.

रीना


नवेगाव बांध
१४ नोव्हेंबर

चि. रीना बाई,
आशीर्वाद.

सही केली. कागद सोबत हाय.

तुही मामी नोको म्हणत होती. तिनं कागद डब्याखाली दडवून ठेवला होता. मी काढला तं म्हणे, "पोरगी मोठी झाली, तिले आता मामा लहान दिसाले लागला." दोन दिवस झाले, माह्याशी बोलत नाई. माह्या खांद्यालेही धरत नाई, खाटेले धरून उठते.

तू लिहिलं का प्रत्येक वाक्य माह्याच पत्रातलं हाय. होय. "माहिती दिली नाही" हेही खरं. तू विचारली नव्हती, हेही खरं. पण तेवढी जागा त्या कागदावर नसन.

तुले नोकरी लागली पाहिजेन. तुही माय असती तं तिनंही मले सही कर म्हटलं असतं. माहं काय जाते? मले कोनी जंगलातून काढणार हाय का? मी कवाचाच घरी बसलो.

भिंतीवरचा पाना काढला, तोही सोबत पाठवून राहिलो. ज्या लेखात माह्या हातून घाण गेली, त्यात माहं नाव भिंतीवर लावून बसणं बरं दिसत नाई. तिथं भिंतीवर पांढरा चौकोन उमटला. त्यावर कॅलेंडर लावलं, पण ते लहान पडते.

सांभाळून राहजो. जेवत जाजो.

तुहा मामा
केवलराम


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींस,
सा. नमस्कार.

पाकीट काल मिळाले. कागद आधी वाचला, पाना नंतर निघाला. पान्याच्या खालच्या कडेला, तुमच्या नावाजवळ, प्लास्टिक बोटाने घासून धुरकट झाले आहे. बाकी सगळीकडे स्वच्छ आहे.

माझ्या ६ ऑक्टोबरच्या पत्रात दोन मुद्दे चुकीचे आहेत. ते असे वाचावेत:

मुद्दा ४. "ती कुठे वाळवली, कशात भरली, याची माझ्याकडे नोंद नाही" असे मी लिहिले होते. त्यापुढे जोडावे: नोंद नाही, कारण मी विचारले नाही. साल कशी वाळवावी, कशात भरावी, हे सांगणे माझे काम होते. मी फोनवर फक्त "लवकर पाठवा" म्हटले. पोती आली तेव्हा त्यांना वास होता. कसला आहे ते मला ओळखता आले नाही. मी खिडकी उघडली आणि काम सुरू केले.

मुद्दा ५. "नमुन्याचे वर्णन नेहमीच्या पद्धतीने दिले आहे" असे मी लिहिले होते. त्या जागी "खोटे दिले आहे" असे वाचावे. परिणाम दुसऱ्या खेपेचा होता, वर्णन पहिल्या खेपेचे लिहिले. परवानगी पहिल्या खेपेची होती आणि नऊ दिवस सावलीत वाळवल्याची नोंदही पहिल्याच खेपेची होती. लेख छापण्यापूर्वी परीक्षकाने विचारले होते: सर्व साल एकाच वेळी गोळा केलेली आहे का? मी "होय" असे उत्तर दिले. त्या वेळी हे लिहायला मला एक मिनिटही लागले नाही. सरांना विचारले नव्हते. त्यांनीही मला विचारले नाही.

तुम्ही विचारले होते, लिहायचे राहून गेले का. राहून गेले नव्हते.

तुमचे निवेदन परत पाठवते आहे. ते मी कोणालाही दाखवलेले नाही, सरांनाही नाही. त्याची झेरॉक्सही काढलेली नाही. मामींच्या हातात द्या, त्या काय करायचे ते करतील. त्यांना सांगा, त्या म्हणाल्या ते मी वाचले.

नवे पत्र तयार केले आहे. नियतकालिकाच्या संपादकांना, जानेवारीत चाचणी घेणाऱ्या रुग्णालयाला आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळेला. तिघांना एकच मजकूर. त्यात वरचे दोन्ही मुद्दे माझ्या सहीने आहेत आणि लेख पूर्ण मागे घ्यावा, अशी विनंती आहे. दुरुस्ती नाही. सरांना काल सांगितले. ते म्हणाले, "रीना, उरलेल्या एकतीस आकड्यावर तुला कोण घेणार?" मी म्हटले, ते मुलाखतीला गेल्यावर कळेल. ते म्हणाले, "मुलाखत घेणाऱ्यांना आधी कळवणार आहेस का?" मी म्हटले, प्रत सोबत नेणार आहे.  लेखावर त्यांचेही नाव आहे, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे.

आज सकाळी आकडा २१७ होता. लेख मागे घेतल्यावरही तो तसाच दिसत राहील, काही काळ वाढेलही. ते लेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना कळेल, मला माहीत नाही. हे मला सगळ्यात जास्त सतावते. त्यांची नावे आणि पत्ते उतरवून घेते आहे. १६० झाली.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

एक. पत्रातले एक वाक्य असे आहे: "दुसऱ्या खेपेची साल माझे मामा श्री. केवलराम कापगते यांनी माझ्या सांगण्यावरून, कोणत्याही सूचना न मिळता, भर पावसात काढून पाठवली. त्यांनी त्याच दोन झाडांची साल पाठवली होती आणि विचारताच सर्व माहिती दिली." 'विचारताच' या शब्दात मी तुमचे पहिले पत्र धरलेले नाही. हे नाव राहू द्यायचे, की "एक नातेवाईक" असे लिहायचे, ते तुम्ही ठरवा. नाव राहिले तर ते छापले जाऊ शकते आणि गावात कोणी मास्तर ते वाचूनही दाखवेल.

दोन. मामींनी काढा किती घेतला, दिवसातून किती वेळा, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, ते त्यांना विचारून लिहा. शास्त्रात एका माणसाची नोंद पुरावा धरत नाहीत. मला ती वहीत ठेवायची आहे. रोहणाच्या शुद्ध सालीबद्दल माझ्याकडे असलेली सगळ्यात मोठी नोंद तीच आहे.

तीन. पाना परत पाठवते आहे. लेख राहणार नाही. पण झाडे ओळखून दाखवल्याबद्दल तुमचे आभार मानले होते आणि झाडे तुम्ही बरोबरच ओळखली होती. अहवालात रोहण रोहणच निघाला. तेवढी ओळ खरी आहे. पाना भिंतीवर लावायचा की नाही, हे मला कळवले नाही तरी चालेल.

पत्रे मंगळवारी, २५ तारखेला जाणार आहेत. त्यानंतर मी थांबू शकत नाही, कारण थांबले तर मुलाखत होऊन जाईल आणि मग मी आणखी थांबेन. पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर सोमवार, २४ नोव्हेंबरपर्यंत माझ्या हातात पडेल असे पाठवा.

रीना